गाण्याची सीडी वाजते, मग आबांच्या दशावताराची का नाही?

आचऱ्याहून एका काकींचं पत्र आलंय, त्यातला मुख्य भाग आधी देतो.

"आमच्याकडे घरी कॉम्प्युटर आहे, मुलगा कॉलेजला असताना घेतलेला. मे महिन्यात फार हळू चालायला लागला म्हणून दुकानात दिला, त्यांनी विंडोज सात काढून दहा घातलं. गणपतीत सगळी घरी आली तेव्हा हौसेने सीडी लावायला बसलो तर एक पण धड लागेना. सिनेमाची डीव्हीडी घातली की प्लेयर नुसता मेसेज दाखवतो, चालवता येत नाही म्हणून. मुलीच्या लग्नाची डीव्हीडी शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या प्लेयरवर नेऊन बघितली, वीस मिनिटं छान चालली नि तिथेच अडकली. पुतण्याने दुबईहून आणलेली एक आहे, ती रीजन बदलू का असं काहीतरी विचारते. आणि आमच्या आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, दशावताराच्या तीन व्हीसीडी आहेत, २००५ च्या जत्रेतल्या, वर कागदाचं स्टिकर लावलेल्या. त्या घातल्या की आतून खटखट वाजतं नि काहीच येत नाही. गाण्यांच्या सीडी मात्र लागतात. दुकानवाला म्हणतो ड्राइव्ह गेला, नवीन घाला. मुलगा म्हणतो टाकून दे, सगळं यूट्यूबवर मिळतं. आबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचा संकासुर यूट्यूबवर नाही. आबांचो आवाज परत ऐकूक गावतलो काय?"

काकी, पहिली गोष्ट, आबांच्या सीडी आज परत ड्राइव्हमध्ये घालू नका. अजिबात नाही. माणसाला वाटतं अजून एकदा घालून बघूया, कदाचित लागेल, पण कॉम्प्युटरचा ड्राइव्ह सीडी वाचायला लागला की पूर्ण वेगात मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात फिरवतो, आणि वर कागद चिकटवलेली वीस वर्षांची सीडी त्या वेगात फिरताना थरथरते. स्टिकर जरा एका बाजूला लागलेलं असेल किंवा दमटपणाने फुगलं असेल तर वजन एकीकडे जातं. तीन सीडी प्लास्टिकच्या डबीत घालून उभ्या ठेवून द्या, बाकीचं सगळं मार्गी लागलं की मग त्यांच्याकडे वळायचं.

आता तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि मला त्यात एक नाही तर चार वेगवेगळी दुखणी दिसतायत. सगळी एकाच दिवशी एकाच पेटीतून बाहेर आली म्हणून ती एकच वाटली, आणि दुकानवाल्याने सगळ्यांवर एकच औषध सांगितलं. नवीन ड्राइव्ह घातलात तरी सिनेमाची डीव्हीडी तोच मेसेज दाखवणार, दुबईची तेच विचारणार आणि लग्नाची त्याच विसाव्या मिनिटाला थांबणार, लिहून ठेवा.

सिनेमाची डीव्हीडी. इथे काहीच बिघडलेलं नाही. डीव्हीडीतलं चित्र एम्पेग-२ नावाच्या पद्धतीने दाबून भरलेलं असतं आणि ते उलगडणारा डिकोडर विंडोज सातच्या घरगुती प्रीमियम आवृत्तीत सोबत यायचा. पुढे २०१२ ला विंडोज आठ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने तो साध्या आवृत्तीतून काढला, आणि २०१५ च्या विंडोज दहामध्ये तर मीडिया सेंटरच बंद केलं. म्हणजे मे महिन्यात तुमचं विंडोज बदललं त्याच दिवशी डीव्हीडी बघायची सोय गेली, कोणी सांगितलं नाही एवढंच, आणि गणपतीपर्यंत तुम्ही डीव्हीडी लावलीच नसेल म्हणून कळलंही नाही. यावर इलाज फुकट आहे, व्हीएलसी नावाचा प्लेयर, केशरी-पांढऱ्या शंकूचं चित्र असतं त्याचं, रस्त्याचं काम चालू असताना ठेवतात तसला. तो स्वतःचे डिकोडर बरोबर घेऊनच येतो. फक्त तो व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवून घ्यायला सांगा मुलाला, कारण गूगलवर व्हीएलसी टाकलं की त्याच नावाने भलतंच काही गळ्यात मारणाऱ्या साइटी पण येतात. व्हीएलसी उघडून मीडिया मेनूत जाऊन डिस्क उघडा म्हणायचं, डीव्हीडी निवडायची, प्ले करायचं. लागली तर तुमच्या ड्राइव्हचा डीव्हीडी वाचणारा लेझर ठीक आहे हे पण त्यातच कळलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुबईवाली पटकन सांगतो. डीव्हीडीवर जगाचे भाग पाडलेले असतात, आपला भारत रीजन ५ मध्ये आणि आखाती देश रीजन २ मध्ये. ड्राइव्ह विचारतो की रीजन बदलू का, तर नाही म्हणा. ड्राइव्हचा रीजन एकूण पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. व्हीएलसीत बहुतेक वेळा रीजन न बदलताच लागते. नाही लागली तर सोडून द्या, ती बाजारातली वस्तू आहे.

आता मुलीचं लग्न. शेजाऱ्यांच्या प्लेयरवर पण अडकली हे तुम्ही फार चांगलं तपासलंत, कारण दोन वेगळ्या मशीनवर त्रास होतो म्हणजे दोष डिस्कमध्येच. आणि वीस मिनिटं चालून अडकली यातून तो कुठे आहे हे पण कळतं. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, मधल्या भोकाजवळून सुरुवात आणि कडेकडे शेवट, आपल्या जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या बरोबर उलट. म्हणजे तुमचा डाग नाहीतर ओरखडा भोकाच्या बाजूला जरा आतच असणार, कडेला नाही. ट्यूबलाइटखाली चमकती बाजू तिरकी धरून बघा, दिसेल. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या डिस्कवर पांढुरका बुरा धरतो, जसा चामड्याच्या पट्ट्यावर नि पत्रिकांच्या गठ्ठ्यावर धरतो तसाच, आणि बऱ्याच वेळा ओरखडा समजून टाकून दिलेली डिस्क नुसती बुरशीने माखलेली असते.

ती धुवायची. खरंच धुवायची, घाबरू नका, लग्नाची डीव्हीडी पाण्याने धुतलेली चालते, फक्त वर कागदाचं स्टिकर असेल तर नाही. उकळून गार केलेलं नाहीतर फिल्टरचं पाणी घ्या, कारण विहिरीच्या जड पाण्याचे डाग सुकल्यावर तसेच राहतात. त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. बोटाने हलकेच चोळा, स्वच्छ पाण्यात बुडवून काढा, आणि जुन्या सुती पातळाच्या मऊ तुकड्याने पुसा, पण मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल कधीच नाही. कारण गोल पुसताना ओरखडा पडला तर तो वाचायच्या वाटेवर लांबलचक पडतो आणि एका दमात खूप डेटा जातो, आडवा ओरखडा पडला तर लेझर त्याच्यावरून उडी मारून जाऊ शकतो, तेवढी चूक दुरुस्त करायची ताकद डिस्कमध्ये लिहितानाच घातलेली असते. टूथपेस्ट घासा म्हणून कोणी सांगेल, सध्या नको. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पेपरच, कधी जमतं कधी बिघडतं, बाकी सगळं करून झाल्यावरचा शेवटचा उपाय आहे तो.

धुतल्यावर कॉम्प्युटरमध्ये घालून प्ले करू नका, आधी कॉपी करा. दिस पीसीमध्ये डीव्हीडीच्या चिन्हावर उजवं बटण दाबून ओपन म्हणा, आत व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर दिसेल, त्यात व्हीओबी शेपटाच्या मोठ्या फाइल असतील, १, २, ३ असे नंबर असलेल्या, प्रत्येकी साधारण एक जीबीच्या. पूर्ण फोल्डर एकदम ओढू नका हं, एक एक फाइल वेगवेगळी कॉपी करा. अख्खं फोल्डर ओढलं तर खराब जागा आली की कॉपी तिथेच मरते आणि पुढचं सगळं राहून जातं, पण एकेक केली तर ज्या फाइलमध्ये ओरखडा आहे तेवढीच अडेल, पुढच्या नंबरच्या फाइल सरळ येतील. मंगलाष्टकं, सप्तपदी, पंगत, पाठवणी, विसाव्या मिनिटानंतर जे काही आहे ते त्यात असणार. विधीतला थोडा भाग गेला तरी बाकी लग्न हातात राहील. या फाइल व्हीएलसीत तशाच लागतात.

आता आबा.

गाण्यांच्या सीडी लागतात नि आबांच्या नाही, यावरून दुकानवाल्याने काढलं त्याच्या उलटं मी काढतो. ड्राइव्हमध्ये लेझर दोन असतात, सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा डोळ्याला न दिसणारा, आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. म्हणून एखादा ड्राइव्ह सीडी मस्त वाचतो पण डीव्हीडी एक पण नाही असं होऊ शकतं, किंवा उलट. तुमच्या आबांच्या व्हीसीडी म्हणजे दिसायला नि असायला सीडीच, गाण्यांची वाजते म्हणजे तो लेझर जिवंत आहे. मग फरक काय, तर गाण्यांची सीडी कारखान्यात साच्यात छापलेली असते, खड्डे पाडून, आणि आबांची जत्रेच्या व्हिडिओवाल्याने बर्न केलेली, म्हणजे त्यात रंगाचा एक पातळ थर असतो नि लेझरने तो जागोजागी जाळून लिहिलेलं असतं. बर्न केलेल्या सीडीवरून उजेड मुळातच जरा कमी परत येतो, आणि वीस वर्षात तो रंग फिका पडत जातो, उन्हात राहिली तर फारच लवकर. त्यात तुमच्या ड्राइव्हच्या भिंगावर धूळ, अगरबत्तीचा धूर, खाऱ्या वाऱ्याची चिकट पापुद्री बसलेली. छापील सीडीचा लख्ख उजेड त्यातून पार होतो, आबांच्या सीडीचा मंद उजेड होत नाही. ते खटखट म्हणजे भिंग मागे-पुढे जाऊन सीडीची सुरुवात शोधतंय आणि सापडत नाहीये. म्हणजे सीडी मेली असं अजून कोणी म्हणू नये, आणि ड्राइव्ह मेला असं पण नाही, दोघे थोडे थोडे थकलेत.

स्टिकरबद्दल आता सांगतो ते कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. स्टिकर सोलायचं नाही. कोपरा उचकटलेला असला तरी नाही. आपल्याला वाटतं चमकती बाजू नाजूक नि वरची बाजू नुसतं झाकण, पण सीडीत सगळा डेटा वरच्या बाजूला, लाखेच्या एका पातळ थराखाली असतो, खाली जे जाड पारदर्शक प्लास्टिक आहे ते नुसतं काच आहे म्हणा ना. डीव्हीडीत डेटा दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो, सीडीत नाही. २०११ मध्ये माझ्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची सीडी होती आमच्याकडे, एकच कॉपी, आणि स्टिकर फुगलं म्हणून मी स्वतःच्या हाताने ते सोललं, चंदेरी पापुद्रा स्टिकरला चिकटून निघून आला आणि हातात आरपार दिसणारं प्लास्टिक राहिलं. कुडाळात पंधराएक वर्षं रिपेअरिंगचं काम करतोय, पण त्या दिवसाएवढं कधी वाईट वाटलं नाही. आजी तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. तुमचं पत्र वाचून हे सगळं इतकं लांबलचक लिहितोय ते त्याचमुळे.

तर सोलू नका, उचकटलेला कोपरा असेल तर बोटाने हलकेच दाबून बसवा, वर पेनाने काही लिहू नका. मग एकेक सीडी ट्यूबलाइटसमोर उभी धरून वरच्या बाजूने डोळा लावून बघा. स्टिकरमुळे नीट दिसणार नाही, पण कडेला नि मधल्या भोकाजवळ कागद नसतो, तिथे टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर चंदेरी थर खाऱ्या हवेने खाल्लाय, तिथलं गेलं. ठिपके नसतील तर आशा भरपूर आहे. चमकती बाजू ओल्या कापडाने नको, कोरड्या मऊ सुती कापडाने नाहीतर चष्म्याच्या कपड्याने, परत तेच, आतून बाहेर सरळ.

मग ड्राइव्ह. दुकानात नेऊन बदला म्हणू नका, भिंग साफ करून द्या म्हणा. काम दहा मिनिटांचं आहे. कॉम्प्युटर बंद, प्लग काढलेला, ड्राइव्ह बाहेर काढून खालचे चार स्क्रू सोडवले की आत मुगाच्या दाण्याएवढं भिंग दिसतं, कानकाडीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावून एकदा दोनदा फिरवायचं, दाबायचं नाही, ते बारीक तारांवर लटकलेलं असतं. त्याच वेळी मागच्या साटा केबल नि पॉवरची पिन काढून परत घट्ट बसवायला सांगा, समुद्राजवळच्या घरात या पिनांवर मळ चढतो आणि नुसतं काढून घातल्याने पण तो घासला जाऊन संपर्क सुधारतो, किती तरी मेलेले ड्राइव्ह मी असे उठलेले बघितलेत. ब्रश लावलेल्या लेन्स क्लीनर सीडी मिळतात, मला त्या पसंत नाहीत, वर्षानुवर्षं दुकानात पडून ब्रश कडक झालेला असतो.

भिंग साफ झालं की आधी गाण्याची सीडी, मग सिनेमाची डीव्हीडी, आणि त्या दोन्ही लागल्या तरच आबांची पहिली. घातल्यावर दोन मिनिटं वाट बघा, बटणं दाबू नका. आपोआप काही उघडणार नाही कदाचित, दिस पीसीतून ओपन करा, एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असेल, त्यात डॅट शेपटाची एक मोठी फाइल. तोच आबांचा दशावतार. विंडोजला डॅट म्हणजे काय ते कळत नाही म्हणून डबल क्लिक करून काही होत नाही, लोक तिथेच हरतात, ती फाइल कॉम्प्युटरवर कॉपी करून व्हीएलसीत ओढून टाकली की लागते. एका व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटं मावतात म्हणजे तीन सीडीत पावणेचार ते चार तास, रात्रभराचं नाटक त्यात पूर्ण नसणार, व्हिडिओवाल्याने मधे मधे थांबवून घेतलेलं असणार, तेव्हा काही प्रवेश मिळाले नाहीत तर सीडी खराब झाली असं समजू नका.

कॉपी मध्येच थांबली तर जोर करू नका. व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून चूक दुरुस्तीचा एक थर मुद्दाम गाळलेला असतो, साध्या डेटाच्या सीडीला एका कप्प्यात २०४८ बाइट मिळतात तिथे व्हीसीडीला २३२४, म्हणून त्यातली खराब जागा ड्राइव्हला भरून काढता येत नाही. पण त्यात एक चांगलं पण आहे, चित्र असल्यामुळे थोडा डेटा गेला तर नुसतं चौकोन चौकोन दिसतात नि पुढे चालू राहतं. विंडोजची साधी कॉपी एका खराब जागेवर हट्ट धरून बसते, आयसोबस्टरसारखा प्रोग्राम ती जागा सोडून पुढे जातो. आणि त्याहून महत्त्वाचं, दुसरा ड्राइव्ह वापरून बघा. कोणाचा जुना लॅपटॉप, सायबर कॅफेवाल्याकडचा अडगळीतला कॉम्प्युटर, कोणाचा यूएसबीवाला बाहेरून लावायचा ड्राइव्ह. एक ड्राइव्ह ज्या सीडीला नाही म्हणतो ती दुसरा सहज वाचतो असं कायम होतं, प्रत्येकाच्या भिंगाची नि लेझरची तब्येत वेगळी असते. यूएसबीवाल्याला दोन तोंडांची वायर असेल तर दोन्ही तोंडं कॉम्प्युटरला लावा, जुन्या एका यूएसबी पोर्टमधून ५०० मिलीअँपियरच मिळतात नि सीडी फिरायला लागली की ते कमी पडतात, मग पुन्हा तीच खटखट.

एवढं करून सुद्धा भिंग साफ असताना डीव्हीडी नि सीडी दोन्ही लागेनाशा झाल्या तरच ड्राइव्ह बदला, त्याआधी पैसे घालू नका.

फाइल मिळाल्या की तीन व्हीसीडी मिळून अडीच जीबीच्या आसपास होतील, लग्नाची डीव्हीडी फार तर ४.७ जीबी, म्हणजे १६ जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये दोन्ही आरामात. पण एकच पेनड्राइव्ह नको. एक कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर तुमच्याकडे, आणि एक मुंबईला असो की जिथे असेल तिथे मुलाकडे, एका घराच्या दमट हवेवर आता सगळं सोडायचं नाही. मूळ सीडी पण टाकू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, आणि डांबरगोळ्या तर त्यात अजिबात नकोत, प्लास्टिकला त्या मानवत नाहीत.

मुलाला रागावू नका, त्याच्या वयाला खरंच सगळं यूट्यूबवर मिळतं. त्याला एवढंच सांगा की दिवाळीला येताना एक पेनड्राइव्ह नि कोणाकडून तरी मागून एक यूएसबी ड्राइव्ह घेऊन ये. आबांच्या आवाजात संकासुर मालवणीतून बोलायला लागला की तो स्वतःच दुसरी कॉपी करायला बसेल, मला खात्री आहे.

तिन्ही सीडी कुठेच लागल्या नाहीत तर मला परत लिहा, एसटीच्या पार्सलात नुसत्या कागदात गुंडाळून मात्र पाठवू नका, कोणी कुडाळला येणारं असेल त्याच्या हातात डबीसकट द्या, माझ्याकडे चार-पाच जुने ड्राइव्ह जपून ठेवलेत ते याच कामासाठी. आणि लागल्या तर आबांच्या पहिल्या सीडीवर सुरुवातीला गणपती नि रिद्धी-सिद्धी आहेत का, की व्हिडिओवाल्याने थेट संकासुरापासून घेतलंय, तेवढं नक्की कळवा.